भिंत पाडायचं भांडण

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती ओळंबेकाका, उद्यापासून ते दिवसभर घरी असणार या धास्तीने बसलेल्या काकू, आणि चहा येईपर्यंत जागचं हलायचं नाही असं ठरवून आलेल्या माझ्या गवंडी बंधूंनो,

ओळंबे हे काही काकांचं आडनाव नव्हे. खिशात सदा ओळंबा असायचा, आणि तो भिंतीला लागला की बांधणाऱ्याचा चेहरा उतरलाच! माझी पहिली भिंत त्यांनी पाडायला लावली. मी म्हणालो, "काका, दिसायला तर सरळ आहे." ते म्हणाले, "दिसायला जावईसुद्धा सरळच असतो." जावईबापू समोर बसलेत, त्यांनी मोठ्या मनाने घ्यावं.

"इतकं चोख काम शिकलात कुठे?" असं मी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, "वाईट काम करता करता!"

तरुणपणी काका सैनिक होते. लढाईत पकडले गेले आणि शत्रूने त्यांना छावणीच्या बांधकामावर जुंपलं. आता शत्रूचं काम मन लावून कोण करणार? कैद्यांनी ठरवलं, भिंत अशी बांधायची की कुणी शिंकलं तरी पडावी. विटा कोरड्याच लावल्या, मालात वाळूच वाळू, सांध्यावर सांधा. वरून गिलावा मात्र नवरीच्या गालासारखा! अंमलदार खूश. म्हणाला, "शाब्बास! उद्या छप्पर चढवा. तुमचे आजारी लोक इथेच ठेवू."

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या तुकडीचा आचारी तापाने फणफणत तंबूत पडला होता. त्याला या छपराखाली निजवायचं? बरं, खरं सांगावं, तर काकांना भिंतीसमोर वेगळ्याच कारणासाठी उभं केलं असतं.

मग काकांनी जोडीदाराशी भांडण उकरून काढलं. पहारेकऱ्यांना आपली भाषा कळत नव्हती, त्यामुळे शिव्यांच्या सुरात मसलत सुरू झाली.

"ढकल ना मला भिंतीवर, गाढवा!"

"ढकलतोय की! तूच अंग चोरतोयस!"

धक्का बसला. भिंत ढिम्म.

"मेल्या, नीट बांधलीस की काय?"

"माझी बाजू कच्चीच आहे! तुझीच पक्की दिसतेय!"

शेवटी भिंत आडवी झाली आणि तिच्यावर हे दोघे. शिक्षा काय? आठवडाभर अर्धं जेवण आणि भिंत पुन्हा उभी करायची. या खेपेला विटा भिजवायला त्यांनी आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी घातलं. ती भिंत बघून अंमलदार म्हणाला, "उपाशी ठेवलं की ही माणसं चांगलं काम करतात!" मंडळी, वरिष्ठांची समज सगळीकडे सारखीच. अर्थात, अध्यक्ष महोदय, आपण अपवाद.

त्या हिवाळ्यात वादळाने अर्धी छावणी उडवली. ते छप्पर मात्र राहिलं.

ते आचारी आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मघाशी मी त्यांना विचारलं, "आजोबा, भिंत कशी होती हो?"

म्हणाले, "भिंत झकास. पण खिडकी ठेवायला विसरला मेला! सबंध हिवाळा उजेड नाही. तेव्हापासून दर भेटीत ऐकवतोय त्याला."

काका, तक्रार करायला माणूस मागे उरला. याहून मोठं मानपत्र आमच्याकडे नाही.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला.