एक भाकरी आणि पूर्ण वाक्य

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. भाषा कुणाची हो? ज्याला तिचं व्याकरण तोंडपाठ, त्याची — की समोरच्याची भूक ज्याला कळते, त्याची?

बघा! मागच्या रांगेतले मास्तर लोक तर एकदम पेटीकडं बघायला लागले! बरं, मीच सांगतो. पण सरळ नाही सांगणार — सरळ सांगितलं तर तुम्ही उठून घरी जाल!

पिंपळदरा नावाचं गाव. तिथं धोंडिराम खरमाळे गुरुजी. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माणूस सोन्यासारखा! गरिबाच्या पोराला स्वतःच्या खर्चानं पुस्तकं द्यायचे. पण शुद्ध बोलण्याचं वेड असं की — कुणी ओरडत आलं, 'गुरुजी, धावा, बैल इहिरीत पडलाय!' तर आधी त्याचा उच्चार दुरुस्त करणार, मग दोर शोधणार! हसू नका, असे लोक आपल्यातही आहेत!

गुरुजींच्या मुलाचं, अंकुशचं लग्न ठरलं विजापूरकडच्या मुलीशी. नाव निंगव्वा. मुलगी कामाची, हसतमुख. पण बोलणं सगळं कानडी, मराठीचा एक शब्द येत नाही.

पहिल्याच दुपारी निंगव्वानं डोक्यावर पदर घेतला, सासऱ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "ऊटा आतेनरी?"

म्हणजे काय? — 'जेवण झालं का हो?' तिच्या माहेरी माणूस भेटला की आधी हेच विचारायचे! केवढी मायेची रीत!

आणि गुरुजी काय म्हणाले? "सूनबाई, या घरात मराठी. आणि मराठी म्हणजे शुद्ध मराठी!"

वाईट हेतू होता का? अजिबात नाही! नवीकोरी वही आणली, विभक्तीचे तक्ते काढले, रोज संध्याकाळी तास! आठवडाभरानं वर एक नियम केला. सगळं घर एका पंगतीला बसायचं — माणूस सुधारक! — पण ज्याला जे हवं, ते त्यानं पूर्ण वाक्यात मागायचं.

नियमाच्या पहिल्या दिवशी निंगव्वाची भाकरी संपली. सासू तान्हाबाईनं दुसरी उचलली, तर गुरुजींनी हात वर केला. "थांब. मागू दे तिला."

निंगव्वानं धीर केला. "भाकरी... पाहिजे."

"कुणाला पाहिजे? कर्ता कुठे आहे?"

कर्ता! अहो गुरुजी, कर्ता तुमच्यासमोर उपाशी बसलाय!

एकदा चुकली, दोनदा चुकली, तीनदा चुकली. तान्हाबाईच्या हातातली भाकरी गार झाली. अंकुश ताटात बघत बसला — नवरेच ते, ऐनवेळी ताटातच बघायचे! निंगव्वानं मान खाली घातली आणि हात धुतला.

त्या दिवसापासून ती एक भाकरी खायची आणि उठायची. माहेरी तीन खाणारी पोर! शब्द पोटात असायचे, पण गुरुजींचा हात वर झाला की घशात अडकायचे. तीन महिने असे गेले. गुरुजी म्हणाले, "मुलगी मंद आहे." शेजारीण म्हणाली, "मुकी आणली की काय?" निंगव्वाला शब्द कळत नव्हते, पण तोंडं कळत होती. ती रात्रंदिवस घाबरलेली — मला माहेरी पाठवतात की काय!

तान्हाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण सुनेचा चुडा कोपरापर्यंत सरकायला लागलाय, हे तिनं वाचलं. "अहो, पोरगी उपाशी उठती तुमच्या वाक्यापायी!"

"मागितलं तर नाही कोण म्हणतंय?" गुरुजी म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं हो!

तान्हाबाईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सुनेला कांदे साठवतात त्या चाळीत नेलं, पदराखाली दोन भाकऱ्या घेतल्या, आणि कांदे निवडता निवडता सुरू झाली. "हा फुटका — टाक. ही गोल्टी, बारकी — तिकडं ठेव. हा बघ कसा गुटगुटीत, तुझ्या नवऱ्यासारखा!" विचारणं नाही, परीक्षा नाही. नुसती बडबड!

आता आयांनो, तुम्ही सांगा. तुमच्या बाळाला बोलायला शिकवताना फळा आणला होता का? वर्षभर तुम्ही एकट्याच बोलता, समोरून उत्तर नाही! आणि एक दिवस ते म्हणतं, 'मंमं.' तेव्हा तुम्ही काय म्हणता — 'बाळा, क्रियापद कुठंय?' छे! तोंड भरून हसता आणि घास भरवता!

तसंच झालं. दीड महिन्यानं निंगव्वानं सासूच्या टोपलीतला एक कांदा ओढला आणि हसली. "आत्या, फुटका!"

तान्हाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. मग काय! चाळीत मराठीचा पूर आला — मोडकी, वाकडी, पण वाहती! मात्र गुरुजी दिसले की पुन्हा कुलूप. हे लक्षात ठेवा.

दुसरं वर्ष लागलं. एके सकाळी गुरुजींच्या हातातून आंघोळीचा तांब्या पडला. उजवं अंग गेलं. आणि मंडळी — वाचा गेली! डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय, शब्द तेवढे सापडत नाहीत. धीर धरा."

पण धीर कोण धरतो? जुने विद्यार्थी आले. "गुरुजी, म्हणा — क! म्हणा — कमळ!" अंकुश रोज विचारायचा, "माझं नाव काय? सांगा ना!" गुरुजींना घाम फुटायचा. ओठ थरथरायचे. मग ते भिंतीकडं तोंड करायचे, आणि ताट तसंच परत जायचं.

दारात उभी राहून निंगव्वा ते बघत होती. तिनं ते ताट ओळखलं. ते तिचंच होतं! आत सगळं आहे, जिभेवर काही नाही, आणि समोर हात वर करून माणसं उभी!

ती पुढं आली आणि त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "कुनी विचारायचं नाय त्यांना! नुसतं बोलायचं!"

मुकी म्हणे!

तेव्हापासून दुपारची भाकरी तिच्या हातची. दुधात कुस्करायची, घास द्यायची आणि बोलत राहायची. म्हशीचं, कांद्याचं, शेजारणीच्या कोंबडीचं — निम्मं मराठी, निम्मं कानडी. बसताना रोज पहिलं वाक्य तेच. "मामा, ऊटा आतेनरी?" उत्तराची वाट बघायची नाही, आपणच म्हणायची, "नाय झालं? चला मग!" गुरुजी नुसते हुंकारले तरी ती उत्तर द्यायची. त्यांनी बोट केलं की ती वस्तू हजर!

चार महिने गेले. कांदा काढणीचे दिवस. निंगव्वा सकाळपासून रानात, दुपारी तशीच ताट घेऊन आली. कपाळावर माती, ओठ सुकलेले. ती बसली. आणि ती बोलायच्या आधी गुरुजींचे ओठ हलले.

"ऊ... ऊटा... आतेनरी?"

तान्हाबाई चुलीपुढून उठून आली. गुरुजींनी निंगव्वाला विचारलं होतं — पोरी, तू जेवलीस का! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तिनं नुसती नकाराची मान हलवली.

गुरुजींनी डाव्या हातानं ताट तिच्याकडं सरकवलं. ती रडत रडत जेवली. भाकरी संपली, तशी त्यांनी दुसरी उचलली आणि तिच्या ताटात ठेवली. तिनं मागितली नव्हती.

सांगा मंडळी, ते वाक्य गुरुजींना कुणी शिकवलं? कुठल्या वहीत होतं? मायेनं कानावर पडत राहिलं, आणि एक दिवस उगवलं!

आता माझ्याकडं बघू नका, आपल्या घराकडं बघा. परमुलखातली सून आहे. इंग्रजी शाळेतला नातू आहे, 'आजी, पाणी दे' म्हणताना अडखळतो आणि तुम्ही हसता. मग तो बोलायचाच थांबतो आणि तुम्ही म्हणता, पोराला मराठी येत नाही! आज जेवायला बसाल, तेव्हा बघा — एकच भाकरी खाऊन कोण उठतंय!

अहो, देवापुढं आपण तरी काय शुद्ध बोलतो? सगळी बोबडीच की! तो विचारतो का, कर्ता कुठे आहे? तो वाढतो! मग आपण कोण लागून गेलो विचारणारे?

घ्या टाळ हातात. आणि ऐका — कुणाचा ताल चुकला, तर त्याच्याकडं वळून बघायचं नाही. वाजवत राहायचं!