फायरप्लेसचा दाखला

—अरे, काच तर तू आत्ताच काढून बघितलीस ना, मग परत कशाला उघडतोयस? गॅसची गळती नाही म्हणालास, व्हेंट साफ आहे म्हणालास, म्हणजे झालंच की — नाही, माझंच सांगायचं चुकलं. नीट ऐक, उन्मेष. मला त्यात बिघाड निघायला हवाय. हसू नकोस रे. व्हिटबीत एवढे टेक्निशियन असताना मी मंडळाच्या ग्रुपवर मराठी मुलगा शोधत बसले, ते कशाला? इंग्रजीत हे मागायला माझी जीभच रेटली नसती. तुझ्या त्या रिपोर्टात एवढंच लिही, की फायरप्लेसमध्ये फॉल्ट होता, म्हणून मंगळवारी आग लागली, आता रिपेअर केलीय. खाली सही कर आणि चहा घेऊन जा. आलं घातलंय.

नाताळची सजावट? ती मीच केली, कोण करणार दुसरं — आणि अगदी सांगितल्याबरहुकूम केली. शैलेंद्रने, म्हणजे माझ्या मुलाने, ओटावाहून यादीच पाठवली होती, ती बघ फ्रीजवर. खऱ्या मेणबत्त्या नकोत — बॅटरीच्या आणल्या. माळ काचेसमोर लोंबता कामा नये — टेप घेऊन मोजली. सीडरच्या पानांची माळ सुकू द्यायची नाही, रोज पाणी शिंपडायचं — शिंपडलं. नातीचा तो गिफ्ट ठेवायचा लाल मोजा फायरप्लेसवर नको, जिन्याच्या कठड्याला टांगायचा — टांगला. समोर जाळी लावली, केया चार वर्षांची आहे, काच तापते. देवापुढचं निरांजनसुद्धा बंद केलं मी. स्मोक अलार्म? तो — तो मी काढून ठेवला होता. मिरचीची फोडणी टाकली की कोकलायचा, आणि तो कोकलला की ह्यांना सहन होत नाही, कानांवर हात दाबून सरळ घराबाहेर पडतात, बर्फात, नुसत्या सदऱ्यावर. एकदा शेजारीण धरून घेऊन आली. ते जाऊ दे, ते तू लिहू नकोस. आता परत लावलाय, तो बघ वर.

हो, दिसतंय मला तू कुठे बघतोयस. काळं झालंय ते बाहेरच्या फरशीवर, आत काहीच नाही. मला कळत नाही का — पन्नास वर्षं इंजिनियरशी संसार केलाय. मग असं लिही, की माळ वरून सुटली आणि उष्णतेने पेटली. नाही पेटणार? काच धड असताना नाही ना. बरं. बरं, सांगते, पण हळू बोलायचं हं, ते आत टॉवेलच्या घड्या घालतायत. मीच सगळे टॉवेल विसकटून दिलेत, तुझं काम होईपर्यंत जरा गुंतून राहतील म्हणून.

मंगळवारी दुपारी मी बेसमेंटमध्ये कपडे आणायला गेले. पाच मिनिटं — दहा असतील. वर आले तर ह्यांनी जाळी बाजूला सारलेली, माळ ओढून काढून फरशीवर रचलेली, कठड्यावरचा मोजासुद्धा त्यात, वर पेपर, आणि माझ्या देवघरातल्या काडेपेटीने पेटवून दिलेलं सगळं. आणि हे हातात तांब्या घेऊन त्याच्याभोवती फिरतायत, पाण्याची धार धरून. होळी रे. डिसेंबरात होळी पेटवली माझ्या नवऱ्याने. तोंडावर हात मारून बोंब ठोकली, आणि मला म्हणतात, ‘‘सुमेधा, नैवेद्याची पोळी कुठाय?’’ इतके खूश होते! किती महिन्यांनी माझं नाव आठवलं होतं त्यांना. लाज वाटते सांगायला, पण मी क्षणभर नुसती उभी राहिले, ऐकत. मग ओले कपडे होते हातात, तेच टाकले आगीवर. हे मनगट भाजलं तेव्हाच. आणि शैलेंद्रला फोनवर सांगितलं, फायरप्लेस बिघडलीय.

खरं कसं सांगू? त्याने नोव्हेंबरातच बजावलंय, आई, आता आणखी एक काही झालं तर मी तुझं ऐकणार नाही. ह्यांना ठेवायला रिचमंड हिलला म्हाताऱ्यांचं होम बघून ठेवलंय त्याने. चांगलं असेल, नाही कोण म्हणतंय — पण ह्यांचं इंग्रजी चाललंय रे. रोज थोडं थोडं जातंय. चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी केली माणसाने, आता साधं पाणी हवं असलं तरी मराठीतच मागतात. तिथे कोणाकडे मागतील? तूच सांग, कोणाला कळणार आहे तिथे? नुसते तहानलेले बसून राहतील.

आणि मला जमतं सगळं. शेगडीची बटणं काढून पर्समध्ये ठेवते, वॉशरूमला गेले तरी दार उघडं ठेवते, काडेपेटीही आता कुलपात आहे. जमतंय. नाताळचे चारच तर दिवस आहेत. शैलेंद्र आणि सून रुचा आज केयाला सोडतील आणि पुढे लग्नाला जातील, मी आहेच की दोघांना बघायला. तिचं आजोबांशी फार गूळपीठ आहे. ते म्हणतील ते करते. परवा व्हिडिओवर म्हणाले, टाळ्या वाजव, तर रुचा नको म्हणेपर्यंत वाजवत होती. त्यांनी नुसतं म्हटलं ना, ये, माझा हात धर, आपण गोल फिरू, तर ती लगेच —

नको. पेन ठेव. ठेव खाली, काही लिहू नकोस. तू मघापासून तेच विचारत होतास ना, घरात लहान मूल येणार आहे का — आणि मी काय बोलत बसले होते. नाही, मला पाणी नको. तो फोन दे तिथला. निघाले नसतील अजून, केयाचं जेवण झाल्यावर निघणार होते. चहा राहू दे, उन्मेष, तू ये आता. जाताना दार ओढून घे, आवाज न करता.

हॅलो, शैलू? मी बोलतेय. केयाला आणू नकोस — ऐक आधी. फायरप्लेसवाला येऊन गेला. नाही. फायरप्लेस चांगली आहे.