सांगू नका, विचारा!

बसा, चहा घ्या, पण मला काही विचारू नका! बिलकुल न्हाई! विचारण्यानंच तर माझं वाटोळं झालं...

तुम्हाला सांगतो, आमच्या साखर कारखान्यात वर्कशॉपचा फोरमन मी, उभी हयात शिव्या देऊन देऊन मिल चालवली, अन् औंदा एमडी साहेबांनी पुण्याहून एक टायवाले सर बोलावले. कशाला? तर म्हणे, कारखान्यात कोचिंगची संस्कृती रुजवायची! आता आमच्याकडं कोचिंग म्हणलं की लातूर... माझा फिटर कडूबा तर घाबरूनच गेल्ता. म्हणला, "फोरमनसाहेब, मी सातवी नापास, ह्या वयात दहावीला बसवून राह्यले का काय?"

बसवलं, पण मला! खुर्च्या गोल मांडल्या. मी, कारखान्याच्या शाळेचे हेडमास्तर, दूध संघाचे सेक्रेटरी, सगळे त्या गोलात. सरांचं बोलणं म्हंजी नुसतं लोणी! "हुकूम सोडायचा नाही. सांगू नका, विचारा. फक्त म्हणा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणलं, सर, अन् बॉयलर फुटायला लागला तर? सर गोड हसले, "सर्जेराव, तुम्हाला काय वाटतं?" घ्या!

आता आमच्या भागात मोठा माणूस लहानाला "तुला काय वाटतं" असं कवा विचारतो? भानगड झाल्यावर! बाप म्हणतो, "तुला काय वाटतं, मला कळत न्हाई?" त्याच्यामागून चप्पलच येते. पण करता काय, साहेबांचा हुकूमच होता की हुकूम सोडायचा न्हाई!

दूध संघात सेक्रेटरीनं विचारलं, "दूध पातळ येऊन राह्यलं, तुम्हाला काय वाटतं?" गवळी म्हणला, "औंदा पाऊसपाणी चांगलंय, साहेब." हेडमास्तरांनी वर्गाला विचारलं, "पुढच्या तासाला काय करावं, तुम्हाला काय वाटतं?" वर्ग घरी गेला. मी घरी विचारलं, "भाजीचं तुला काय वाटतं?" तर आमची बायको गिरिजाबाई तडक आत गेली, अन् मीठ-मिरच्या आणून माझ्यावरून ओवाळून टाकल्या!

इथवर हसण्यावारी गेलं हो. पण गाळप सुरू करायचा दिवस आला तोंडावर, गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायला पाहुणे बोलावलेले, अन् कडूबानं ऊस पिळायचा रोलर बसवला वाकडा. एरवी मी म्हणलो असतो, "ए गाढवा, डोळे सासरी ठेवून आला का?" अन् त्यानं हसत हसत सरळ केला असता. पण न्हाई! मी जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला... अहो, खांद्यावर हात! अन् म्हणलं, "कडूबाराव, ह्या रोलरबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

गडी पांढराफटक. पाना खाली ठेवला, हात पुसले, अन् सरळ टेंभुर्णीला घरी निघून गेला.

आज येईल, उद्या येईल... कशाचं काय! रोलर तसाच. गाळप लांबलं तर शेतात ऊस वाळणार, लोक आम्हाला सोडतील का? गेलो टेंभुर्णीला. कडूबा ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला, अन् त्याची मालनबाई दारातूनच कडाडली, "भाऊ, कामावरून काढायचंच होतं तर सरळ शिव्या देऊन काढायचं! अहो-जाहो करून कशाला काढलं? माणूस जेवून न्हाई राह्यला!"

खरं सांगतो, इतक्या वर्षांचा गडी... मंग काय, तिथंच अंगणात, कमरेवर हात ठेवून सुरू झालो! "ए कडूब्या, हरामखोरा, रोलर काय तुझा आजा येऊन बसवणार का? ऊठ!"

कडूबानं मान वर केली. "म्हंजी... मी कामावर हाये?" डोळ्यांत पाणी हो त्याच्या! मालनबाईनं जल्दी चहा टाकला. रोलर बराबर बसला, मोळी ठरल्या दिवशी पडली.

तिथंच मिटायचं ना? न्हाई! काल एमडी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. स्वतः उठून आले, खांद्यावर हात ठेवला, अन् म्हणले, "सर्जेरावजी, पुढचं तुम्हाला काय वाटतं?"

वर्कशॉपच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, हात पुसले, अन् गावाकडं, भोकरदनची गाडी धरली. तवापासून बसलोय ह्या ओसरीवर. रस्त्यानं जीप वाजली की उठून बघतो, कारखान्यातून कुणी शिव्या द्यायला आलं का...

येतील का हो? तुम्हाला काय वा... न्हाई, राहू द्या. चहा घ्या.