केळ बरी की कांगारू

मी सासरी कमी बोलते, त्यामुळे मला सगळं पटतंच असा तिथे समज आहे. परवा सांडोरला आमच्या वाडीत चहा चालला होता, तेव्हा नवऱ्याची काकी मला म्हणाली, "बाईनं केळीसारखं राहावं गो. पिल्लं पायाशी, आणि जागा सोडायची नाही. मूल झालं की तुझी नोकरी पुरे."

समोरच सासरे घड उतरवलेली केळ कोयत्यानं आडवी करत होते.

मी म्हटलं, "काकी, घड दिला की केळीला कापतात. त्यापेक्षा मी कांगारू होईन. पिल्लू पोटाच्या पिशवीत घालायचं आणि उड्या मारत कामावर जायचं."

"आणि कांगारूच्या नवऱ्याला असते का पिशवी?"

"नसते. तुमच्या पुतण्याला मी विकत आणून देणार आहे."