डावा गाल

...नाही हो मॅडम, तसलं काही होत नाही तिला — दुखत नाही, गाल उडत नाही, काही नाही. तुमच्या आधीच्या मॅडमनाही मी हेच सांगायचे, फाइलमध्ये असेल बघा. मग हे स्टिकर कशाला? गालाला दोन, डोळ्याखाली एक, अन् एवढ्या वायरी — नाही, लावा, तुमचं काम आहे ते. बारीकसा झटका आला तरी स्क्रीनवर रेघ उडते म्हणता? नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तोसुद्धा? बरंय. अन् कानामागचं मशीन कॉम्प्युटरला जोडलं की हिला बाहेरचं काही ऐकू येत नाही — राहू द्या, सांगू नका, मला माहितीये. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हापासून मीच आणतेय तिला. त्यात पाठ आहे माझ्याकडे, ओठ पण वाचता येणार नाहीत. म्हणून मोकळं बोलते.

तुम्ही फक्त एवढंच सांगा इशिताला, की मशीन लाव. आठ दिवस झाले, तांदळाच्या डब्यात पडलंय — आपल्याकडे हवा दमट ना, म्हणून झोपताना ठेवायचो तिथे, तर गेल्या रविवारपासून आमच्या बाईसाहेबांनी काढलंच नाही. मी भाताला डबा उघडते अन् ते तिथे बसलेलं. आज जबरदस्तीने लावून आणलंय. हाका मारते, समोर जाऊन हात हलवते, तर मोबाईलवर लिहून दाखवते — मला नको. वीस वर्षांची घोडी झाली, आत्ता कुठे नोकरी लागली, हाटकेशला, डब्यांची झाकणं बनवतात त्या कारखान्यात, ऑफिसात बसायचं. शेजारी पत्र्याचा प्रेस, धाड धाड चालू — अन् प्रत्येक धाडला हिचा डोळा — म्हणजे लवतो थोडा. थोडासाच. तिथल्या कोणाला वाटलं डोळा मारतेय. सगळे हसले म्हणे. एवढंच झालं.

आता अशा बघू नका. डोळा कोणाचा लवत नाही? बायकांचा डावा लवला तर शुभच, सासूबाई हेच म्हणाल्या होत्या पहिल्यांदा लवला तेव्हा. इशिता पहिलीत होती. मी चटणीला मिक्सर लावला अन् हिचा गाल असा वर ओढला गेला, डोळा मिटला, मिक्सर बंद केला की सगळं जागेवर. सांगितलं होतं हो मी, एकदा सांगितलं होतं. तेव्हाच्या मॅडम म्हणाल्या, मशीनचा करंट गालाच्या नसेला लागतो, अन् तो कमी केला. गाल थांबला, पण हिचा 'स' गेला — साखरेला आखर, समोशाला अमोआ. शुद्धलेखनात दहापैकी एक. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं, म्हणाल्या, मूकबधिर शाळेत घाला, आमच्याकडे नाही जमणार. काय करायला हवं होतं मी? पुढच्या खेपेला सांगितलं, नीट ऐकू येत नाही, वाढवा. वाढवलं. 'स' परत आला. गालाचं परत आलं ते नाही सांगितलं.

काय म्हणालात? ऑपरेशनात कानात बसवल्यात त्यातल्या दोन-तीन तारा तेवढ्या बंद करायच्या, बाकीच्या चालू? 'स' न जाता? ...तेव्हा पण झालं असतं? पण मला कोणी — विचारायचे हो. दर सहा महिन्यांनी विचारायचे, दुखतं का बाळा? ती आधी माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे, नाही. मग ती हलवायची. हातावर गाल टेकून बसायला मीच शिकवलं, घट्ट दाबून धरलं की कळत नाही समोरच्याला. सगळ्या फोटोंत तशीच आहे. सोसायटीतल्या बायका म्हणतात, किती विचारी दिसते तुमची इशिता. मला बरं वाटायचं ऐकून. चांगल्यासाठीच केलं मी, दहावीला ऐंशी टक्के पडले तिला, साध्या शाळेत —

ही रेघ का उडतेय?

तुम्ही तर काहीच दाबलं नाही. दोन्ही हात मांडीवर आहेत तुमचे. आत्ता उडाली. परत. मी बोलले की — थांबा. इशिता. ...उडाली. मशीन चालू आहे? बाहेरचं येतंय तिला? केव्हापासून? पहिल्यापासून? अहो मग मला अडवायचं ना — हो, तुम्ही सांगत होतात. मीच म्हटलं राहू द्या.

इशू, हात नको लावूस गालाला, स्टिकर निघतील. काढ हात. नको दाबूस. आता नको दाबूस, बाळा, मी — बघा, माझ्याच आवाजाने उडतेय.

मॅडम, दुखतं का ते तिलाच विचारा. माझ्याकडे बघेल ती, म्हणून मी बाहेर बसते. मी नाही बोलत आता.