कुलपाचे टाके

धाकटी : चपला बाहेर काढा, जाऊबाई. खोलीभर कापडच पसरलंय.

थोरली : तेच बघायला आले. उद्या चौकशीच्या साहेबांसमोर टांगणार म्हणे.

धाकटी : टांगणारच. कारखान्यात धुरानं गुदमरलेल्या नऊ बायका, त्यांच्याच कपड्यांचे नऊ तुकडे. हा निळा माझ्या पोरीचा.

थोरली : ओळखला. बाही उलटी शिवली होतीस. मी उसवून नीट लावली.

धाकटी : आजसुद्धा टोमणा मारल्याशिवाय तुमचं अन्न पचायचं नाही.

थोरली : तुकड्यावर दार काढलंस, ठीक. दारावरचं हे कुलूप उसव.

धाकटी : आलात मुद्द्यावर.

थोरली : दार उघडंच होतं. गर्दीनं अडकलं. ह्यांनी शपथेवर सांगितलंय.

धाकटी : दारावरचे वॉचमन भाऊजीच, तेच खोटं बोलले आणि मालक सुटतोय. मी त्यांना विचारलं, तर भरल्या ताटावरून उठून गेले.

थोरली : अगं, कुलूप दिसलं की चावी कुणाकडे होती हेच विचारतील. मालक गाडीत बसून घरी जाईल. आत जातील ते हे.

धाकटी : पोरीच्या नखांत दाराचा रंग होता.

थोरली : मला नको सांगूस.

धाकटी : तिचे हात तुम्हीच धुतलेत. तुम्हाला काय सांगायचं?

थोरली : माझं घर बसेल गं, धाकटे.

धाकटी : माझं बसलंय. दुसरीचा टाका कुणी उसवायचा नाही, असं आम्ही नऊ घरांनी ठरवलंय. पण तुम्ही तिच्या काकू. ही कात्री घ्या. तुमच्या हातानं उसवा.

थोरली : आण इकडे. गाठ बघ कशी मारलीय, शेणाच्या गोळ्यासारखी! कधी शिकणार तू? आणि पिवळा दोरा कशाला? पितळी नव्हतंच ते. काळं होतं, लोखंडी, तळहाताएवढं...

(थोरली कात्री खाली ठेवते.)

धाकटी : बोला. थांबलात का?

थोरली : जेवणाची सुट्टी संपली की लावायचे. बायका मधेच बाहेर जातात म्हणून मालकाचा हुकूम. चावी ह्यांच्या कमरेला. धूर दिसला आणि हे पळाले. चावीसकट.

धाकटी : उद्या साहेबांसमोर बोलाल एवढं?

थोरली : नाही. जीभ उचलायची नाही माझी.

धाकटी : मग?

थोरली : काळा दोरा दे.