साही तारा खाली

१९६२ चा मे. रेवसच्या धक्क्यावर एसटीच्या रांगेत विज्ञान शिकवणाऱ्या वत्सलाबाई उभ्या होत्या. त्यांच्यापुढे मुंबईच्या लग्नाहून परतणारे कोर्लईचे बहीणभाऊ होते. भावाच्या खांद्यावर गिटार होती. दोघांचं बोलणं बाईंच्या कानावर पडत होतं.

“पेद्रू, तारा अजून ढिल्याच हायत रे.”

“असू दे, बाय. घशाच्या दुखण्यानं तुझा आवाज खाली उतरला, म्हणून साही तारा मी खाली उतरवल्या.”

“तो व्हायोलिनवाला कसला भडकला! म्हनाला, ह्या बाईला पंगतीत वाढायला पाठवा, मी काय माझा सूर खाली उतरवनार न्हाय.”

“मग बसला की मांडीवर व्हायोलिन घेऊन! तू तीन गानी म्हटलीस तवर.”

“चार.”

“चौथं नवरीनं मागितलं. तवा आला हळूच. ‘किती उतरवल्यात?’”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, माझ्या बहिणीला विचारा. ती जिथं, तिथं आम्ही.”

“अन् पिळल्या त्यानं खुंट्या!”

“पिळल्या! घाम पुसत पिळल्या!”

“बरं, लग्न झालं. आता तरी तारा चढव.”

“कशाला? रविवारी चर्चात गायचं न्हाय तुला?”

“गायचंय.”

“आवाज उतरल्यापासनं उभी राहतेस तशी मागं?”

“न्हाय. पुढच्या रांगेत.”